अंगठा ठेवून बघ

नागराजच्या मनगटातून साप बाहेर पडतात, याला पेंटरची हरकत नाही. हरकत आहे ती त्या सापांच्या चित्राला. "धामण हाय का घोणस हाय, काय कळतंय का? नुसते दोर सोडलेत," असं तो म्हणतो. समोर बसलेले सर त्याला बजावतात, की हे सुपरहिरोचं कॉमिक्स आहे, जीवशास्त्राचं पुस्तक नाही. पेंटरला ते पटत नाही. बीडच्या शिरूर कासार तालुक्यातला माणूस सापाच्या बाबतीत सहजासहजी गप्प बसत नसतो. इथल्याच तागडगावात सिद्धार्थ सोनवणे यांचा 'सर्पराज्ञी' प्रकल्प आहे, जखमी वन्यप्राण्यांवर तिथे उपचार होतात, आणि घरात साप निघाला की काठीआधी फोन हातात घेणारी पोरं आता आसपास सापडतात. अशा मुलखात सापाची जात न दाखवता साप काढणं पेंटरला कामचुकारपणा वाटतो.

यातली गोम अशी, की ज्याला तो नावं ठेवतो त्यालाच गुरू मानतो. राज कॉमिक्सने १९८६ साली नागराज आणला, तेव्हा सुरुवातीच्या अंकांची चित्रं प्रताप मुळीकांची होती. मुळीक त्याआधीपासून अमर चित्र कथेत काम करत, भा. रा. भागवतांनी लिहिलेला 'शिवाजी'चा अंक त्यांनीच चितारला. पेंटरने वहीच्या मागच्या पानांवर मुळीकांची माणसं गिरवत हात बसवला. मनगटाची हाडं, दंडाचा फुगवटा, फेट्याची वळणं. "रेघ कुठं जाड, कुठं बारीक, ते बघ. ब्रश उचललेला दिसतोय का कुठं?" असं विचारताना त्याचं बोट कागदावर न टेकता रेघेवरून फिरत असतं.

दोघं दहावीपर्यंत एका बाकावर होते. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला, दुसरा पेंटर. चारचौघांत पेंटर त्याला 'सर' म्हणतो. दुकानाचं शटर अर्धं ओढलं की 'तू' आणि त्याहून खालचं. नावं छापायची नाहीत ही सरांची अट. "पालक म्हणतील, मास्तर कॉमिक्स वाचतो." पेंटरने पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रॉलीच्या फाळक्यांवर नावं घातली, निवडणुकीच्या भिंती केल्या. मग फ्लेक्स आले. आता तो कोरलड्रॉवर वाढदिवसाचे, दशक्रियेचे आणि 'भावी' लोकांचे बॅनर करतो. ब्रश खणात आहेत. दिवाळीच्या तोंडावर दुकानात गर्दी असते आणि नेमकं तेव्हाच सरांना सुट्टी असते. म्हणून वादाचा मोसम हाच. बाहेरच्या रस्त्याने याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर निघालेले असतात, भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं, सगळं वर लादून.

त्यांच्या लहानपणी इथे कॉमिक्स यायचं कसं, याचा माग काढायला गेलं की पहिल्यांदा रेल्वे आठवते, कारण ती नव्हती. देशातल्या किती तरी पोरांनी वेताळ आणि नागराज पहिल्यांदा पाहिले ते स्टेशनावरच्या व्हीलरच्या स्टॉलवर. ए. एच. व्हीलर १८७७ पासून रेल्वेच्या फलाटांवर पुस्तकं विकत आली आहे. बीड शहराला मात्र फलाटच नव्हता. अहिल्यानगरहून बीडला गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिदिनी, आणि तिच्या वाटेत आपल्या तालुक्यातलं रायमोहा आलं, याचं इथल्या लोकांना अजून अप्रूप आहे. तोवर सगळी मदार एसटीवर. बीडला किंवा नगरला गेलेला कुणी पाहुणा अंक आणायचा, तो हातोहात फिरायचा, आणि परत येईतो मुखपृष्ठ गेलेलं असायचं. सरांनी वेताळाच्या कितीतरी गोष्टी पहिल्या दोन पानांशिवाय वाचल्या आहेत. वेताळाच्या गोष्टी छापणारं इंद्रजाल कॉमिक्स टाइम्सवाल्यांनी मार्च १९६४मध्ये सुरू केलं, मराठीतही काढलं, आणि आठशेहून अधिक अंकांनंतर १९९०मध्ये बंद केलं. या दोघांना ते शेवटच्या वर्षांत भेटलं. पेंटरला वेताळापेक्षा बहादूर आवडायचा. आबिद सुरती यांनी १९७६मध्ये आणलेला हा नायक कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंच्या मागे लागायचा. "गुहेतल्या मुखवटेवाल्यापेक्षा हा आपल्या तालुक्यातला वाटायचा," हे त्याचं त्यावरचं एकमेव समर्थन आणि मला ते पुरेसं वाटतं.

मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आला तो सरांच्या भाच्यामार्फत. भाचा पुण्यात नोकरीला. त्याने आधी ॲनिमे पाहिलं, मग मूळ पुस्तकं घ्यायला लागला, आणि खोली बदलताना एक खोकं मामाकडे टाकून गेला. सगळं इंग्रजी भाषांतरात. मराठीत मंगा दुकानात मिळतोय कुठे? एका खंडाला चार-पाचशे रुपये पडतात, म्हणजे सरांच्या वर्गातल्या पोरांच्या दृष्टीने प्रश्नच मिटला. पोरं मोबाइलवर बघतात. २०२५च्या सप्टेंबरात, म्हणजे बीडला गाडी आली त्याच महिन्यात, 'डीमन स्लेअर'चा सिनेमा देशभर हिंदीतही लागला, तेव्हा वर्गात तलवारींचे आवाज काढणारी पोरं होती, पण त्यामागे कोयोहारू गोतोगे यांची २३ खंडांची चित्रकथा आहे, हे सरांनी सांगितल्यावर एकाने विचारलं, "म्हणजे सर, पिक्चरवरून पुस्तक काढलं का?"

ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. नव्या वाचकाचा इथेच गोंधळ होतो, पेंटरचा झाला नाही. निजामाच्या राज्यातला हा जिल्हा. पेंटरने उर्दू पाट्या भरपूर रंगवल्या आहेत. अडचण होती इंग्रजीची. सावकाश वाचता येतं, पण कंटाळा येतो. म्हणून तो संवादांच्या फुग्यांकडे न बघता चित्रं वाचत गेला आणि त्यातून त्याची परीक्षा तयार झाली. फुग्यावर अंगठा ठेवायचा. पान संपेपर्यंत काय घडलं ते सांगता आलं तर चित्रकार पास. नाही आलं तर त्याने लेखकाच्या जिवावर दिवस काढले.

ही परीक्षा त्याने पहिल्यांदा लावली ती स्वतःच्या देवावर. अमर चित्र कथेचा जुना अंक काढला, वरच्या चौकटीतली निवेदनाची पट्टी झाकली, फुगे झाकले. उरली सुंदर माणसं. उभी, बसलेली, घोड्यावर. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाताना मधे महिना गेला की घटका, ते चित्र सांगत नाही. ते पट्टी सांगते. "मुळीक नापास?" सरांनी डिवचलं. पेंटर बराच वेळ पान उलटसुलट करत बसला. मग म्हणाला, "मुळीक न्हाई. ज्यानं बत्तीस पानांत आख्खा जन्म बसवायला सांगितला, तो नापास."

मला वाटतं, अमर चित्र कथेवर इतकं नेमकं बोट फार थोड्यांनी ठेवलं असेल. अनंत पै यांनी १९६७मध्ये ही मालिका सुरू केली ती मुलांना पुराण-इतिहास कळावा म्हणून. हेतू शिकवण्याचा, पानं ठरलेली, चरित्र जन्मापासून मृत्यूपर्यंत. मग प्रत्येक चौकटीवर एक प्रसंग उरकण्याची जबाबदारी येते. राम वाईरकरांसारख्या माणसाचा 'कृष्ण'मधला हातही त्या घाईतून सुटत नाही. तेच वाईरकर 'टिंकल'मध्ये १९८३पासून सुप्पंडी काढायला लागले, तेव्हा दोन पानांत एकच मूर्खपणा सांगायचा होता, आणि अंगठा ठेवला तरी हसू येतं. पेंटरचं म्हणणं त्याने सिद्धच होतं: हात तोच, पण वेळ मिळाला.

जपानमध्ये वेळ मिळण्यामागे धंदा आहे, हे सर सांगतात. तिथे गोष्ट आठवड्याच्या जाडजूड अंकात वीसेक पानांच्या प्रकरणांनी येते, काळ्या-पांढऱ्यात, स्वस्त कागदावर. लोकांना आवडली तर वर्षानुवर्षं चालते, नाहीतर गाशा गुंडाळावा लागतो. 'शोनेन जंप' या साप्ताहिकाचा खप १९९०च्या दशकाच्या मध्यावर ६५ लाख प्रतींवर गेला होता. एवढी पानं हाताशी असली की माणूस एका थेंबाला एक चौकट देऊ शकतो. ताकेहिको इनोउए यांच्या 'स्लॅम डंक'चा शेवटचा सामना हे पेंटरचं आवडतं उदाहरण. बास्केटबॉलची गोष्ट, ३१ खंड. शेवटच्या काही सेकंदांसाठी पानांमागून पानं जातात आणि त्यांत संवादच नाहीत. धावणारे पाय, घाम, घड्याळ, हात. सबंध मालिकाभर एकमेकांचं तोंड न बघणारे साकुरागी आणि रुकावा शेवटी एकमेकांच्या तळहातावर टाळी हाणतात. तिथे अंगठा ठेवायला फुगाच सापडत नाही, याचा पेंटरला विलक्षण आनंद.

सरांचा आक्षेप आहे, आणि तो वाजवी आहे. त्या टाळीला किंमत येते ती आधीच्या तीस खंडांतल्या बोलण्यामुळे, भांडणांमुळे, शिव्यांमुळे. शेवटचा खंड तेवढा हातात दिला तर दोन घामेजलेली पोरं टाळी देताहेत एवढंच दिसेल. "तू मजकूर झाकतोस, पण तो आधी मी तुला वाचून सांगितलेला असतो." यावर पेंटरजवळ उत्तर नाही, तो चहा सांगतो.

'डेथ नोट'वर मात्र दोघांची युती. त्सुगुमी ओबा यांचं लेखन, ताकेशी ओबाता यांची चित्रं, २००३ ते २००६, बारा खंड. वहीत नाव लिहिलं की तो माणूस मरतो, अशी कल्पना. वर्गातल्या मोठ्या पोरांना हिचं भयंकर वेड. ओबातांची रेघ बघून पेंटर पहिल्यांदा हरखला. मग अंगठा ठेवला आणि हाती उरली देखणी तोंडं. कोण कुणाला काय म्हणून हरवतंय याचा पत्ता नाही. वेफर्सच्या पाकिटात छोटा टीव्ही लपवून खाता-खाता खून करण्याचा तो गाजलेला प्रसंग सोडला तर पानं फुग्यांनी भरलेली. सरांचा राग वेगळा: सातव्या खंडात एल मरतो, तिथे गोष्ट संपायला हवी होती, पुढचे पाच खंड त्यांना निव्वळ ओढाताण वाटतात. भाच्याला हे फोनवर ऐकवल्यावर त्याने दोन दिवस मामाशी बोलणं टाकलं म्हणे.

पान उलटण्याच्या युक्तीवर पेंटर जे बोलतो, ते दिवाळी अंकाच्या वाचकाला लगेच कळेल. मंगामध्ये धक्का नेहमी पान उलटल्यावर ठेवतात. शेवटच्या चौकटीत कुणीतरी दचकून बघतं. काय बघतं, ते पुढच्या पानावर. "हे आपल्याकडं 'आवाज'नं लई आधी केलंय," तो म्हणतो. मधुकर पाटकरांनी १९५१मध्ये सुरू केलेल्या त्या दिवाळी अंकाची खिडकीचित्रं आठवा: चौकोनातून दिसतं एक, मनात येतं भलतंच, आणि पान उलटलं की निघतं अगदी साधं. पोरांपासून लपवून वाचायचा अंक म्हणून त्याची ख्याती झाली, पण कागद उलटण्याच्या त्या क्षणाचा उपयोग करून घेणारी चित्रभाषा मराठीत इतकी वर्षं होती आणि ती चावट विनोदापलीकडे कुणी नेली नाही, ही पेंटरची खंत मलाही खरी वाटते.

सर इतिहास आणखी मागे नेतात. गोदाकाठचं पैठण इथून फार लांब नाही, आणि चित्रकथीच्या पोथ्यांतली चित्रं बराच काळ पैठणची चित्रं म्हणूनच ओळखली जात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांनी ही कला जिवंत ठेवली. परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. एकामागून एक चित्र समोर धरायचं आणि गात-बोलत रामायण-महाभारत सांगायचं. जपानात १९३०च्या दशकात सायकलवर लाकडी चौकट लावून गोळ्या विकणारे 'कामिशिबाई'वाले हेच करत, कागदी चित्रं सरकवत गोष्ट सांगत. टीव्ही आल्यावर त्यांचा धंदा बसला आणि शिगेरू मिझुकी, सानपेई शिराटो यांच्यासारखे त्यातले चित्रकार मंगाकडे वळले. आपल्याकडे चित्रकथीला वळायला वाट कुठली होती? ती थेट संग्रहालयात गेली. सरांचा हा मुद्दा पेंटर मान देऊन ऐकतो, पण त्याच्या मते कुठल्याही कलेला वाट नंतर फुटते, आधी रोज पैसे देणारं गिऱ्हाईक लागतं.

अंगठ्याची परीक्षा जिथे साफ कोलमडते, ते पुस्तक सरांनी मुद्दाम आणून दिलं: आंबेडकरांवरचं 'भीमायन'. त्याआधी दोघांच्या ओळखीचं होतं ते अमर चित्र कथेचं १९७९चं 'बाबासाहेब आंबेडकर', एस. एस. रेगे यांची संहिता आणि मुळीकांच्याच परंपरेतल्या दिलीप कदमांची चित्रं. 'भीमायन' २०११मध्ये 'नवयान'ने काढलं, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चितारलं. त्यात चौकटीच नाहीत. गोंडांची दिगणा नक्षी पानभर फिरत प्रसंग वेगळे करते. फुगेही दोन तऱ्हेचे: साधं बोलणं पाखराच्या आकारात, आणि अपमानाचं, विखारी बोलणं असेल तर फुग्याला विंचवाची नांगी. पेंटरने सवयीने अंगठा पुढे केला आणि मागे घेतला. फुगा झाकला तर चित्रच झाकलं जातं. त्या रात्री त्याने पुस्तक घरी नेलं आणि दोन आठवडे परत दिलं नाही. परत देताना एवढंच म्हणाला, "पाण्याचं पान नीट बघ. हौदावर पोरगं तहानलेलं उभंय, आन् मासे मात्र आरामात." त्याला चित्र आवडलं की तो दोष सांगायचा विसरतो, ओळखीची खूण तीच.

पण या दोघांना खऱ्या अर्थाने भांडायला लावलं ते हिरोमू आराकावा यांच्या 'सिल्व्हर स्पून'ने. होक्काइदोच्या दुग्धव्यवसायी शेतकरी कुटुंबात वाढलेली ही बाई. स्वतःचं चित्र काढायची वेळ आली की चष्मा लावलेली गाय काढते. 'फुलमेटल अल्केमिस्ट'मुळे जगभर नाव झाल्यावर तिने २०११मध्ये एका कृषी विद्यालयाची गोष्ट सुरू केली, १५ खंड. साप्पोरोतला अभ्यासू मुलगा हाचिकेन घरच्या अपेक्षांना कंटाळून शेतकऱ्यांच्या पोरांच्या वसतिगृहात येतो. डुकराच्या एका अशक्त पिल्लाला जीव लावतो, त्याचं नाव ठेवतो एका मांसाच्या भाताच्या पदार्थावरून, आणि पिल्लू कत्तलीला गेल्यावर सुट्टीत कमावलेले पैसे घालून त्याचंच मांस विकत घेतो. आपल्याकडे बहुतेक लेखकांनी इथे एकतर रडवलं असतं नाहीतर पिल्लू वाचवलं असतं.

वाद आहे तो कोमाबाच्या प्रसंगावर. कोमाबा वर्गमित्र, शाळेच्या बेसबॉल संघाचा गोलंदाज. कोशिएनच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावरच संघ हरतो, घरचा गोठा कर्जात बुडतो, आणि पोरगं शाळा सोडून कामाला लागतं. गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. शेजारचं मिकागे कुटुंब त्या कर्जाला जामीन राहिलेलं असतं, म्हणून त्यांच्यावरही जप्तीची पाळी येते आणि घोडे विकावे लागतात. हे प्रकरण सरांनी वाचून दाखवलं तेव्हा पेंटरने विचारलं, "जपानात बी जामीनदारच मरतो?" पतसंस्थांच्या आणि सोसायट्यांच्या या जिल्ह्यात हा प्रश्न विनोदाने विचारला जात नाही.

सरांचं मत, आराकावा शेवटी मऊ पडते. कोमाबाला पुढे वाट सापडते, मित्र सावरून घेतात, पोरं धंदा उभा करायला निघतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं पोर एकदा शाळेतून सुटलं की असं सहज परत येत नाही. याच तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांना 'शांतिवन' उभारावं लागलं ते अशाच पोरांसाठी. पेंटर म्हणतो, मऊ पडली तर पडू दे. पोरांच्या साप्ताहिकात तिने बँक, हप्ता, जामीन आणि रिकामा गोठा आणला आणि पोरांनी पैसे मोजून वाचला. "तुपल्या वर्गात एक तरी धडा हाय का उचलीवर?"

तो धडा नाही, म्हणून आता सर स्वतः लिहायला बसले आहेत. एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, एका हंगामाची गोष्ट: दसऱ्याच्या सुमाराला टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल, दिवाळीला गाव सोडणं, पाचटाची कोपी, पहाटेची तोड, आणि हंगामाच्या शेवटी फिटलेलं थोडं, राहिलेलं जास्त. पेंटरने खणातले ब्रश काढून धुतले, शाई आणली. फ्लेक्सच्या टाकाऊ तुकड्यांच्या पाठीवर नमुने चालू आहेत. बैलगाडीवर उसाची मोळी लादण्याची एक हालचाल त्याने सहा चौकटींत बसवली आहे: बाईच्या डोक्यावरची मोळी, वाकलेली मान, वर गाडीतून खाली आलेला नवऱ्याचा हात, आणि मधल्या दोन चौकटींत फक्त पाय. फुगा एकही नाही. मोळी किती जड आहे ते टाचेवरून कळतं.

अडलंय ते मुकादमावर. सरांच्या संहितेत तो पहिल्याच पानावर खलनायक म्हणून येतो, झुबकेदार मिशा, गळ्यात चेन, हातात वही. पेंटरला हे मंजूर नाही. कारखान्याकडून मुकादमानेही पैसे उचललेले असतात, टोळी पळाली की तो बुडतो, आणि अशा दोन-तीन जणांच्या ट्रॉलीवर पेंटरने स्वतः नावं घातली आहेत. "आराकावानं बँकवाल्याला शिंगं काढली का? मग म्या मिशा कशाला काढू?" सर म्हणतात, शोषणाला चेहरा द्यावा लागतो, नाहीतर वाचकाचा राग वाऱ्यावर जातो. पेंटर म्हणतो, चेहरा देतो, पण तो ओळखीचा देतो. पोरांना शाळेत सोडून आलेला, हिशेब जुळत नाही म्हणून रात्री जागणारा. यावर मी सरांच्या बाजूने बोलून पाहिलं, दोघांनीही मला गप्प केलं. सध्या तडजोड एवढीच झाली आहे, की पहिल्या पानावर मुकादमाचं तोंड दाखवायचं नाही, नुसती वही आणि अंगठ्यासाठी पुढे केलेलं शाईचं पॅड. सरांनी चार पानं पुन्हा लिहायला घेतली आहेत आणि पेंटरच्या दुकानात एका भावी नगरसेवकाचा बॅनर दोन दिवस अडकून पडला आहे.